लोखंडी कपाट आणि सबवूफर

माझ्या संगणकाच्या टेबलावर दोन लहान स्पीकर आहेत आणि टेबलाखाली फरशीवर एक काळा लाकडी डबा आहे. त्याला सबवूफर म्हणतात. स्पीकर मी रोज वापरतो. डबा वापरत नाही. त्याची वायर काढून मागे गुंडाळून ठेवली आहे. पण त्याच्यावरची बेसची कळ अजून पार उजवीकडे, शेवटच्या खुणेवर आहे. ती मी मागे फिरवलेली नाही.

हा संच मी गाण्यांसाठी घेतला नव्हता. आईचं बोलणं वडिलांना ऐकू यावं म्हणून घेतला होता.

वडील माधवनगरला कापडाच्या गिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडल्यावर जवळच्याच एका शेडमध्ये यंत्रमागावर गेले आणि हातपाय चालत होते तोवर तिथंच राहिले. मागांच्या शेडमध्ये माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. तिथली माणसं आवाज न काढता बोलतात. ओठ मोठे हलवायचे, शब्द तोंडानं नुसता दाखवायचा, सोबत हाताची खूण करायची. सहा माग पलीकडच्या माणसाला घरी पाहुणे आलेत हे असं सांगता येतं. नव्या माणसाला हे शिकायला एक पावसाळा लागतो, असं वडील म्हणत.

ते बोलणं त्यांनी घरी आणलं. आई लग्नानंतर वर्षभरात शिकली. पुढं आम्ही भावंडंही शिकलो, पण शिकतोय हे कळलं नाही. वडिलांशी बोलताना समोर जायचं, उजेडाकडे तोंड करायचं आणि ओठ उघडून बोलायचं, ही आमच्या घरची रीत होती. आई तर त्यांच्याशी आवाज काढतच नसे. वडिलांना मात्र हळू बोलणं जमत नसे. त्यामुळं आमच्या घरातलं भांडण चाळीला अर्धंच ऐकू यायचं. वडील ओरडायचे, "मग मी काय करू? सांग की!" आणि पुढं शांतता. पुन्हा, "लय शाणी हायस!" आणि शांतता. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, "बाई, किती सोसतीस गं. एका शब्दानं उलट बोलत न्हाईस." आई पदर तोंडाला लावून हसायची. वडिलांना त्या भांडणात ती काय काय ऐकवायची ते आम्हालाच माहीत.

पाठमोऱ्या माणसाला ओठ दाखवता येत नाहीत. त्यासाठी कपाट होतं. स्वयंपाकघरात दाराला लागून एक लोखंडी कपाट होतं, डबे आणि धान्य ठेवायचं. वडिलांना बोलवायचं झालं की आई त्याच्यावर तळहातानं थाप मारायची. धम्म असा आवाज व्हायचा आणि पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलेले वडील उठून यायचे. जेवायला या, कुणीतरी आलंय, गॅस बदलायचा आहे, सगळ्याला एकच थाप. तो आवाज ते कानानं ऐकत होते की फरशीतून पायाला लागत होता, कुणी विचारलं नाही. माग बंद पडला की पायाला आधी कळतं, असं ते सांगायचे.

या रीतीमुळं एक गोष्ट आमच्या लक्षात यायची राहिली. वडिलांना किती ऐकू येतं हे आम्ही कधी तपासलंच नाही. समोरून बोललं की ते उत्तर देत, कपाट वाजलं की उठत. मग तपासायचं काय? अलीकडच्या काही वर्षांत आई थापेऐवजी मूठ मारायला लागली होती, कपाटाच्या दाराला पोचा पडला होता. मी साताऱ्याहून जायचो तेव्हा तो पोचा बघायचो. माझं काम दुसऱ्यांची अंदाजपत्रकं तपासायचं. खडीचा एक ब्रास जास्त लागला तर मी विचारतो, का लागला. पोचा का पडला, हे विचारलं नाही.

त्या सकाळी आई भाकरी करत होती. ती खाली पडली. उजवं अंग गेलं. वडील पुढच्या खोलीत, दाराकडे पाठ करून पेपर वाचत होते. काकू पातेलं परत द्यायला मागच्या दारानं आल्या, तेव्हा त्यांना ती कपाटाजवळ दिसली. त्यांनी वडिलांची बाही ओढली तेव्हा वडिलांना कळलं. मधे किती वेळ गेला होता ते तव्यावरच्या भाकरीवरून काकूंनी सांगितलं. भाकरी जळून कोळसा झाली होती आणि गॅस चालू होता.

मी सांगलीच्या दवाखान्यात दुपारी पोचलो. संध्याकाळी आईचे कपडे आणायला माधवनगरला घरी गेलो. वडील दवाखान्यातच होते. स्वयंपाकघरात परात तशीच होती. कपाटाच्या खालच्या भागावर, माझ्या गुडघ्यापर्यंतच्या उंचीत, ज्वारीच्या पिठाच्या हाताचे ठसे होते. डाव्या हाताचे. एकावर एक, एकाशेजारी एक. काही पूर्ण पंजा, काही नुसती बोटं घसरत खाली आलेली. मला प्रत्येक गोष्ट मोजायची सवय आहे. ते मी मोजले नाहीत. फडकं ओलं केलं आणि पुसून काढले. मग परात धुतली, कपडे घेतले आणि कुलूप लावलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

आईला साताऱ्याला माझ्याकडे आणलं. ती वाचली, पण तोंड वाकडं झालं होतं. उजवीकडचा ओठ हलत नव्हता. बोलायची, पण शब्द पसरट यायचे. कान देऊन ऐकलं तर आम्हाला कळायचं. वडिलांना कळेना. पन्नास वर्षं ज्या ओठांवरून ते घर चालवत होते, ते ओठ आता दुसरंच काहीतरी बोलत होते. ते खाटेसमोर खुर्ची घेऊन बसायचे, पुढं वाकायचे, चष्मा पुसायचे. आई बोलायची. मग ते माझ्याकडे बघायचे.

"काय म्हणती?"

"पंखा कमी करा म्हणते."

"एवढंच? एवढा वेळ बोलत हुती की."

"हात दुखतोय म्हणते."

"तू कमी करून सांगतोस."

काही दिवसांनी त्यांनी मला गॅलरीत बोलवलं. हळू बोलायचा प्रयत्न करत होते, पण खालच्या रस्त्यावरचा माणूस वर बघायला लागला.

"त्या दिवशी तिनं कपाट वाजवलं असंल का रं?"

मी म्हणालो, "नाही. पडल्याबरोबर शुद्ध गेली तिची."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "तू न्हाई म्हणलास, पर तोंड मिटून म्हणलास."

"मग तिलाच विचारा ना अण्णा. मान हलवेल की ती."

"अशी गोष्ट मानेनं सांगायची असती व्हय? तिचं बोलणं मला कळलं पायजे. तिनं रागवायचं असंल तर नीट रागवू दे."

त्यानंतर मी त्यांना कानाच्या तपासणीला नेलं. तपासणाऱ्या बाईंनी आलेख काढून दिला. डावीकडे खालचे, भरदार आवाज; उजवीकडे वरचे, बारीक आवाज. डावीकडे रेघ बऱ्यापैकी वर होती. मधून ती दगड सोडल्यासारखी खाली गेली होती. कानातलं यंत्र आठवडाभर वापरायला दिलं. वडिलांनी दुसऱ्या दिवशी काढून ताटात ठेवलं. म्हणाले, "कानात कुणीतरी भांडी घासतंय. ह्याच्यापेक्षा माग बरा." पुन्हा घातलं नाही.

मग माझ्या डोक्यात संगणक आला. आईच्या उशाशी माइक, तो संगणकाला, आणि संगणकाला चांगले स्पीकर. संगणकात आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करता येतात. आलेख माझ्याकडे होता. वडिलांचा जो पट्टा शिल्लक आहे तो वाढवायचा, जो गेला त्याच्या मागं लागायचं नाही. शिल्लक होते भरदार आवाज. भरदार आवाजासाठी सबवूफर. मला हा हिशेब सरळ वाटला.

राजवाड्याच्या खालच्या अंगाला संगणकाच्या सामानाचं एक दुकान आहे. दुकानदार तिशीचा, हसरा.

"काय वाजवणार काका? गाणी? पिक्चर?"

"माणसाचं बोलणं."

"मग हेडफोन न्या की, स्वस्तात भागंल."

"त्यांना कानात घातलेलं काही चालत नाही."

त्यानं एक मोठं खोकं पुढं ओढलं. "मग हे न्या. चार हजार वॅट."

मी खोक्यामागची वायर बघितली. "घरातला गिझर दोन हजार वॅटचा असतो. त्याला वेगळा जाड प्लग लागतो. हा प्लग पाच अँपिअरचा. यातून चार हजार वॅट कुठून येणार?"

तो हसला. "काका, ते खोक्यावर लिवायचे वॅट असतात. खरे चाळीस हायत."

"मग चाळीस म्हणा."

"तुमी स्पीकर घ्यायला आलाय का आमची तपासणी करायला?" असं म्हणून त्यानं आत बघून चहा सांगितला.

मी दोन संच निवडून बाजूला ठेवले. एक नुसती जोडी, ॲम्प्लिफायर आतच असलेली, हातभर उंचीचीही नाही, आवाज स्वच्छ. दुसरी तशीच जोडी, पण तिला सबवूफर वेगळा जोडता येणारा. त्यानं दुसऱ्यावर मिरवणुकीत वाजतं तसलं गाणं लावलं. काचेच्या फळीवरचे माउस थरथरायला लागले. चहाच्या कपात वर्तुळं उठली. "बघा, छातीत बसतंय का न्हाई!" तो ओरडला. बसत होतं. शर्टाच्या खिशातला आलेखाचा कागदसुद्धा हलल्यासारखा वाटला. मी म्हणालो, बातम्या लावा. त्यानं लावल्या. बातम्या सांगणारा पुरुष होता, आवाज घुमत होता. मला ते पुरेसं वाटलं. सबवूफरचा संच घेतला, तोही खरा चाळीस वॅटचाच.

घरी बायकोनं डबा बघितला. "अहो, आईंचा आवाज केवढासा, त्याला हा ढोल कशाला?"

मी तिला आलेख दाखवला. तिनं तो बघितला नाही, पण टेबलाखालची जागा झाडून दिली.

माइक आणि स्पीकर एका खोलीत ठेवले की कर्कश शिट्टी वाजायची, म्हणून संगणक हॉलमध्येच ठेवला. आतल्या खोलीत आईच्या खाटेवर, उशाच्या लोखंडी दांडीला माइक चिमट्यानं अडकवला आणि वायर दारातून बाहेर आणली. वडिलांना संगणकासमोर खुर्चीवर बसवलं. पाय सबवूफरजवळ. आईला सांगितलं, बोल. आई म्हणाली, जेवलात का.

वडील ताठ झाले. "आवाज हाय," ते म्हणाले. आणि मग, "शबुद न्हाई."

मी पट्टे वरखाली केले. बेस वाढवला. आईचं बोलणं माठात बोलल्यासारखं यायला लागलं. बेस कमी करून वरचा पट्टा चढवला तर वडिलांनी कानावर हात ठेवले. तो पुन्हा खाली आणला आणि बेसची कळ शेवटापर्यंत फिरवली. "आता?" "आवाज हाय." "आता?" "मघाचाच हाय."

रविवार गेला. पुढचे दोन-तीन दिवस ऑफिसातून येऊन मी तेच करत होतो. तेव्हा कुठं सबवूफरच्या खोक्यावरचे आकडे आणि कानाचा आलेख शेजारी शेजारी ठेवले. हे दुकानात करायला हवं होतं. आलेख सेकंदाला अडीचशे कंपनांपासून सुरू होत होता. सबवूफरचं काम दीडशेच्या आत संपत होतं. बाईमाणसाचा आवाज त्याच्या वर सुरू होतो, आणि शब्द ज्यानं शब्द होतो ते स, त, क, फ तर पार वर, दोन हजारांच्या पुढं, जिथं वडिलांची रेघ दगडासारखी पडली होती. म्हणजे मी घेतलेला डबा आईच्या आवाजातलं जवळजवळ काहीच वाजवू शकत नव्हता. जे वाजवायला हवं होतं ते कुठलाच स्पीकर वडिलांना देऊ शकत नव्हता. कुठला संच घ्यावा हा प्रश्नच नव्हता.

मी वडिलांसमोर गेलो, उजेडाकडे तोंड केलं आणि सांगितलं. "अण्णा, जमणार नाही. शब्द येणार नाहीत."

त्यांनी मान हलवली. उठले मात्र नाहीत. पाय डब्याजवळ तसेच. मी आवाज बंद करायला संगणकाकडे वळलो.

आत आई कंटाळली होती. तीन दिवस आम्ही तिला बोल बोल म्हणत होतो. बायको तिला म्हणत होती, "आई, झालं हं, आता काढतेच हे." आईला तो माइक तोंडाजवळ नको होता. तिनं डावा हात उचलला आणि वैतागून खाटेच्या दांडीवर मारला. माइक त्याच दांडीला होता. बेसची कळ शेवटाला होती.

धम्म.

फरशी हलली. टेबलावरचा चष्मा सरकला. आणि वडील उठले. इकडंतिकडं न बघता, जेवायला उठावं तसे उठले, आणि दोन पावलं आतल्या खोलीकडे गेले. मग थांबले. डब्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"तिनं वाजवलं?"

मी हो म्हणालो.

"मला कळलं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला होता. "अरं, मला कळलं की!"

ते आत गेले. मी दारात उभा राहिलो. ते खाटेजवळ खुर्चीवर बसले नाहीत, उभेच राहिले. सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं.

"त्या दिवशी माधवनगरला. कपाट वाजवलं हुतंस का तू?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला काय विचारलं जातंय ते कळलं नव्हतं. मला कळलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर कपाटाचा खालचा भाग होता. मला वाटलं, आपण मधे बोलावं.

आई त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. नाही. पुन्हा एकदा, ठळक. तिचं तोंड वाकडं झालं होतं. त्यावरून खरं-खोटं काढायची सोय राहिली नव्हती. वडिलांना ओठ वाचता येत होते. मानेत वाचायला काही नसतं.

"तरी म्हणलं," वडील म्हणाले. आणि खाली बसले. "वाजवलं असतंस तर मला कळलं नसतं व्हय? आत्ता एवढ्या लांबनं कळलं. पडल्या पडल्या शुद्ध गेली तुझी. पोरगं म्हणत हुतं, मी त्यालाच खोटं पाडलं."

त्यांनी तिचा डावा हात हातात घेतला. बोटं उलगडून बघितली, पुन्हा मिटली. आईनं त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. पिठाचे ठसे कुणी पुसले, ते तिला ठाऊक होतं का, मला माहीत नाही. तिनं डोळे मिटले आणि मी बाहेर आलो.

तो आवाज चाळीस वॅटच्या ॲम्प्लिफायरनं केलेला होता. हातानं मारलेल्या थापेपेक्षा तो किती पट मोठा होता याचा अंदाज मी सहज सांगू शकलो असतो. वडिलांना ते सांगायला मला काही कारण सापडलं नाही.

त्यानंतर माइक दांडीवरच राहिला. आईला काही लागलं की ती दांडीवर हात मारायची आणि वडील हॉलमधून उठून यायचे. कधी कधी नुसतं ते येतात का बघायला मारायची, असं बायको म्हणते. खालच्या मजल्यावरचे एकदा विचारायला आले, वर काही काम चाललंय का. मी त्यांना चहा दिला आणि कारण सांगितलं. पुन्हा आले नाहीत. मी कळ कमी केली नाही. कमी केली असती तर वडिलांना कळलं नसतं, आणि कळलं नाही हे कळलं असतं. पुढं आईच्या हातातही जोर राहिला नाही. बोटं दांडीवर नुसती टेकायची. मग मी संगणकात माइकचा आवाज वाढवत नेला. शेवटी तिनं नख लावलं तरी हॉलमध्ये धम्म व्हायचं, आणि वडील म्हणायचे, "अजून हात दणकट हाय तिचा."

एका सकाळी तिनं वाजवलं नाही. वडील खुर्चीवर वाट बघत होते. बायको चहा घेऊन आत गेली आणि परत आली ती माझ्याकडे आली, त्यांच्याकडे नाही.

दिवसकार्याला माधवनगरची माणसं आली. काकूही आल्या. हॉलमध्ये सतरंजीवर सगळे बसले होते, वडील भिंतीला टेकून. कुणीतरी त्या सकाळचा विषय काढला, तेवढा वेळ गेला नसता तर, असं काहीतरी. वडिलांनी बोलणाऱ्याचे ओठ बघितले असावेत.

"तिनं कपाट वाजवलंच न्हाई," ते मोठ्यानं म्हणाले. "पडल्याबरोबर शुद्ध गेली तिची. मी स्वतः इचारलंय तिला. वाजवलं असतं तर मी उठलो नसतो व्हय? व्हय का न्हाई रं?"

काकूंनी पदराकडे बघितलं. त्या सकाळी पहिल्यांदा कपाट त्यांनीच बघितलं होतं.

वडील माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नुसती होकाराची मान हलवली. तोंड उघडलं नाही.